परसांतील कोंबड्यांचें दाणापाणी

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतून किंवा शहराच्या कडेला वसलेल्या नव्या वसाहतींतून सकाळच्या प्रहरीं कोणी हिंडूं लागला, तर एखाद्या घरामागून कोंबड्यांचा कलकलाट अजूनहि ऐकूं येतो. घरची बाई खुराड्याचें दार उघडते, मूठभर कणी जमिनीवर फेंकते, जुन्या पातेल्यांत तांब्याभर पाणी ओतते आणि आपल्या कामाला लागते. हें दृश्य इतकें परिचयाचें आहे, कीं त्यांत सुधारण्यासारखें कांहीं असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. परंतु तीच बाई दोन तासांनीं परत येते, तेव्हां पातेलें कलंडलेलें असतें. उरल्यासुरल्या पाण्यांत माती, पिसें आणि विष्ठा कालवलेली असते. कणीचा कांहीं भाग चिखलांत तुडवला गेलेला असतो आणि कांहीं कावळेचिमण्यांनीं पळविलेला असतो. बाई नवें पाणी ओतते, पुन्हां कणी फेंकते, आणि पुन्हां तेंच घडतें.

पुढें केव्हां तरी पावसाळ्यांत चारदोन पिलें दगावतात, आणि घरांतील मंडळी 'साथ आली' असें म्हणून स्वस्थ बसतात. साथ खोटी नसते. पण पुष्कळदां ती त्या पातेल्यांतूनच आलेली असते. दहापांच कोंबड्यांचें धन शहरी माणसाला क्षुल्लक वाटेल. तथापि लहान मुलाच्या ताटांत रोज पडणारें एक अंडें आणि गृहिणीच्या स्वतःच्या गांठीला बांधलेले चार रुपये, हीं दोन्हीं त्याच धनांतून येतात. म्हणून कोंबड्यांसाठीं दाण्याचें व पाण्याचें भांडें घरच्या घरीं कसें करावें, हा विषय वाटतो तितका हलका नाहीं.

भांडें करूं लागण्यापूर्वीं कोंबडीचा स्वभाव पाहिला पाहिजे. तिचे तीन स्वभावधर्म येथें महत्त्वाचे आहेत. पहिला उकरण्याचा. दाणा समोर असला तरी पायानें उकरल्याशिवाय तिला चैन पडत नाहीं. रानांतल्या तिच्या पूर्वजांचा उदरनिर्वाह त्या उकरण्यावरच चाले. दुसरा उंच जागीं चढून बसण्याचा. भांड्याचा कांठ दिसला कीं ती त्यावर चढते, आणि जेथें बसते तेथेंच घाण करते. तिसरा तिच्या पाणी पिण्याच्या रीतीचा. पारवा पाण्यांत चोंच बुडवून पाणी ओढून घेतो, कोंबडीला तें साधत नाहीं. ती चोंचभर पाणी घेते, मान वर करते आणि तें घशांत उतरूं देते. प्रत्येक घोटाला चोंच पाण्यांत जाते, आणि चोंचीला चिकटलेली भरड दर वेळीं पाण्यांत पडते. जें भांडें ह्या तीन गोष्टींना तोंड देईल तें चांगलें. मग तें दुकानांतून आणलेलें असो वा घरीं ठोकलेलें असो.

आतां आधीं पाण्याचा विचार करूं. अंड्याच्या आंतील बलकाचा व पांढऱ्याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. अंडें देणारी कोंबडी दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते आणि वजनानें त्याच्या सुमारें दुप्पट, म्हणजे पाव लिटरच्या आसपास, पाणी पिते. चैत्रवैशाखाच्या उन्हांत तीच कोंबडी दुपटीपर्यंत अधिक पाणी मागते. तिच्या अंगाला घाम येत नाहीं. चोंच उघडी टाकून ती धापा टाकते, आणि श्वासावाटे पाणी गमावूनच शरीर थंड ठेवते. दाणा एक वेळ चुकला तर ती परसांत किडामुंगी शोधील, परंतु पाणी चुकलें तर तिला दुसरा आधार नाहीं. दिवसभर तहानलेली राहिलेली कोंबडी त्यानंतर पुष्कळ दिवस अंड्याला आखडते.

पाण्याच्या चांगल्या भांड्याचें तत्त्व शाळेंतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. पेला पाण्यानें कांठोकांठ भरून त्यावर जाड कागद ठेवावा, हातानें दाबून पेला उलटा करावा आणि हात काढून घ्यावा. पाणी पडत नाहीं. हवेचा दाब त्याला खालून तोलून धरतो. टॉरिचेल्ली ह्या इटालियन शास्त्रज्ञानें १६४३ साली पाऱ्याच्या नळीवर हाच दाब दाखवून दिला. समुद्रसपाटीवर तो पाण्याचा सुमारें दहा मीटर उंचीचा स्तंभ तोलूं शकतो. कोल्हापूर समुद्रसपाटीहून बरेंच उंच असल्यामुळें येथें तो थोडा कमी भरतो, पण वीतभर डब्यासाठीं तेवढा पुरून उरतो.

आतां कृति पाहूं. तोंड पूर्ण उघडें असलेला दोन ते अडीच लिटरचा स्वच्छ डबा घ्यावा. त्याच्या कांठापासून अडीच सेंटिमीटर अंतरावर करंगळी जाईल एवढें एकच भोंक पाडावें. कुंभाराकडून एक पसरट परळ आणावा. त्याचा कांठ चार सेंटिमीटर उंच असावा, आणि डबा मधोमध ठेवल्यावर सभोंवार तीनचार बोटें जागा उरावी. डब्यांत भोंकापर्यंत पाणी भरावें, वर परळ पालथा झांकावा आणि दोन्हीं घट्ट धरून एकदम उलटें करावें. पाणी भोंकावाटे परळांत येतें, भोंक झांकलें जाईपर्यंत चढतें आणि तेथें थांबतें. कोंबड्या पितात तशी पाण्याची पातळी उतरते, भोंक उघडें पडतें, हवेचा एक बुडबुडा 'गुडगुड' करीत आंत शिरतो आणि तेवढेंच पाणी बाहेर येतें. परळाचा कांठ भोंकाहून उंच असणें हीच ह्या यंत्राची किल्ली आहे. कांठ खालीं राहिला तर सारा डबा जमिनीवर रिकामा होईल.

डब्याला दुसरें कोठेंहि छिद्र किंवा गंजलेली जागा नसावी, नाहीं तर हवा तेथून आंत शिरेल. परीक्षा सोपी आहे. भांडें भरून रात्रभर मोकळ्या जागीं ठेवावें. सकाळीं परळाबाहेर ओल दिसली तर डाख देऊन घ्यावा किंवा डबा बदलावा. पत्र्याऐवजीं मातीचें रुंद तोंडाचें मडकेंहि चालतें. त्याच्या अंगांतून पाणी झिरपून वाळतें आणि त्यामुळें आंतील पाणी उन्हाळ्यांत गार राहतें. मात्र त्याला तडा नसावा. शाहूपुरींतील कुंभार गल्ली किंवा बापट कॅम्प हीं नांवें गणेशमूर्तींसाठीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. चाकावर काम करणाऱ्या कुंभारास माप नीट सांगितलें, तर परळ आणि मडकें ह्यांची जोडी तो एकमेकांस बसेल अशी करून देऊं शकतो.

येथें दोन इशारे दिले पाहिजेत. कोल्हापूरच्या आसपास ऊसशेती मोठी, त्यामुळें औषधांचे व तणनाशकांचे रिकामे डबे घरोघर सांपडतात. ते कितीहि धुतले तरी ह्या कामीं कदापि वापरूं नयेत. रंगाच्या डब्यांचेंहि तसेंच. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यांत साधें पाणी चालतें, पण ताक किंवा आंबट औषध घातल्यास जस्त त्यांत उतरतें आणि पक्ष्यांस बाधतें.

भांडें तयार झालें तरी तें कोठें ठेवावें हा प्रश्न उरतोच. जमिनीवर ठेवलें तर उकरलेली माती त्यांत जाणार. म्हणून विटांचा लहानसा ओटा करून त्यावर ठेवावें, आणि परळाचा कांठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असें पाहावें. पिलें वाढतील तशी एकेक वीट वाढवावी. डब्याच्या माथ्यावर उतरता पत्रा किंवा उलटें नरसाळें बसविलें म्हणजे वर बसण्याची सोय राहत नाहीं. दाण्याचें भांडें पाण्यापासून तीनचार हात दूर असावें, म्हणजे चोंचीची भरड वाटेंत गळून जाते.

सावलीची जागा निवडावी, परंतु ज्या झाडावर कावळे व बगळे बसतात त्याच्या खालीं पाणी ठेवूं नये. ह्याचें कारण महाराष्ट्राला एकदां फार महाग पडून कळलें आहे. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्ल्यू हा रोग आढळला आणि लाखों कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथेंहि तो दिसून आला. ह्या रोगाचे विषाणु रानपांखरांच्या, विशेषतः पाणपक्ष्यांच्या, विष्ठेवाटे पसरूं शकतात. रंकाळा व कळंबा ह्या तलावांवर हिवाळ्यांत येणारे पाहुणे पक्षी शहराचें भूषण आहेत. त्यांच्याशीं वैर करण्याचें कारण नाहीं. मात्र रानपांखरांची विष्ठा पडेल अशा उघड्या पाण्याऐवजीं झांकलेलें पाणी ठेवणें हें आपल्या हातीं आहे.

परळ रोज धुतलाच पाहिजे. पिलांना होणारी रक्ती हगवण ज्या सूक्ष्म जीवांमुळें होते, त्यांचीं बीजें विष्ठेवाटे बाहेर पडतात. पण तीं पडल्याबरोबर बाधत नाहींत. ओल, ऊब आणि हवा मिळाल्यावर एकदोन दिवसांनीं तीं बाधक होतात. रोज भांडें घासणारी व भोंवतालची जमीन कोरडी ठेवणारी गृहिणी त्यांना तेवढी मुदतच देत नाहीं. काथ्या व राख घेऊन परळाचा बुळबुळीत थर निघेपर्यंत घासावें आणि तो उन्हांत वाळूं द्यावा. दोन परळ ठेवले तर एक वापरांत आणि एक उन्हांत, असा क्रम लावतां येतो. मानमोडी म्हणजेच राणीखेत रोगाची लस जेव्हां पाण्यांतून द्यावयाची असते, तेव्हां मात्र त्या पाण्यांत किंवा भांड्यांत जंतुनाशकाचा अंशहि असूं नये, कारण त्यानें लस निकामी होते. ती केव्हां व कशी द्यावी हें पशुवैद्याच्या सल्ल्यानें ठरवावें.

आतां दाण्याकडे वळूं. येथें प्रश्न पैशाचा आहे. समजा, एखाद्या घरीं दहा कोंबड्या आहेत आणि बाहेर चरावयास जागा नसल्यामुळें त्यांना रोज एक किलोच्या वर खाद्य लागतें. त्यांतील दहावा भाग मातींत गेला, तर घरचा मनुष्य दहा कोंबड्या पाळून अकरा कोंबड्यांचा खर्च करतो, आणि ती अकरावी एकहि अंडें देत नाहीं. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींचे पक्षी गांवठीपेक्षां अंगानें भारी, म्हणून त्यांचें खाणें मोठें, आणि सांडणेंहि त्या मानानें मोठें.

सर्वांत साधें भांडें बांबूचें. बुरुडाकडून मनगटाहून जाड वेळूचा हातभर तुकडा घ्यावा. दोन्हीं टोकांना पेरें राखून तो मधोमध उभा चिरावा, म्हणजे दोन पन्हळी मिळतात. पन्हळीला खालीं दोन आडव्या फळ्या ठोकाव्यात, नाहीं तर ती कलंडेल. प्रत्येक कोंबडीस कांठाची सुमारें दहा सेंटिमीटर जागा लागते. दोन्हीं बाजूंनीं खातां आलें तर अर्धा मीटर लांबीची पन्हळ दहा जणींना पुरते. जागा कमी पडली तर दांडग्या कोंबड्या खातात आणि गरीब कोंबड्या मागें राहतात. पुढें त्यांनाच आजारी समजलें जातें. पन्हळीवर लांबीच्या दिशेनें एक बारीक काठी दोन टोकांना खिळ्यांवर सैल बसवावी. कोंबडी तिच्यावर चढली कीं काठी फिरते आणि ती खालीं उतरते. दोन दिवसांत तिची संवय मोडते.

पन्हळीचा सर्वांत मोठा नियम भरण्याचा आहे. ती तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरावी. कांठोकांठ भरलेल्या पन्हळींतील भरड कोंबडी चोंचीनें इकडेतिकडे उडविते. घरची बाई उदार हातानें भरते आणि जमीन जेवते. तीच भरड दोन वेळां थोडी थोडी घातली तर सांडत नाहीं.

दिवसभर बाहेर राहणाऱ्या कुटुंबांस आपोआप भरणारें भांडें हवेसें वाटतें. त्यासाठीं तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा उपयोगी पडतो. त्याचें झांकण कापून काढावें आणि तळाशीं चारी बाजूंनीं दोन बोटें उंचीच्या खिडक्या पाडाव्यात. हा डबा तीन बोटें कांठाच्या रुंद तसराळ्यांत उभा ठेवावा. वरून दाणा ओतला कीं तो खिडक्यांतून बाहेर येतो, आपलाच ढीग आड आला म्हणजे थांबतो आणि कोंबड्या खातील तसा पुढें सरकतो. पत्र्याच्या कापलेल्या कडा हातोडीनें आंत दुमडल्याच पाहिजेत. तसें न केल्यास कोंबड्यांचे तुरे व गळ्याखालच्या लोंबत्या पाळ्या कापल्या जातात, आणि रक्त दिसलें कीं बाकीच्या कोंबड्या त्याच जागीं टोंचत राहतात. हें काम स्वतःस न जमल्यास शिवाजी उद्यमनगरासारख्या भागांतील पत्र्याचा कारागीर तें सहज करून देईल. प्लॅस्टिकच्या जाड नळीला खालीं कोपरा जोडून केलेलें भांडेंहि ह्याच तत्त्वावर चालतें.

परंतु कोल्हापूरच्या पावसाळ्यांत अशा भांड्यांचा एक दोष उघडा पडतो. आषाढश्रावणांत हवा इतकी ओली असते, कीं बारीक भरड नळीच्या किंवा डब्याच्या अंगाला चिकटते आणि आंत तिचा पूल बनतो. वरून पाहावें तों डबा भरलेला, आणि खालीं कोंबड्या उपाशी. त्याहून वाईट म्हणजे तळाच्या कोपऱ्यांत राहिलेल्या भरडीस बुरशी येते. मक्याच्या व शेंगदाण्याच्या पेंडीच्या बुरशींत अफ्लाटॉक्सिन नांवाचें यकृत नासविणारें विष असूं शकतें. १९६० साली इंग्लंडांत लक्षाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांना दिलेल्या शेंगदाण्याच्या पेंडींतील बुरशीचा शोध घेतांना हें विष उजेडांत आलें. तें उकळूनहि जात नाहीं. म्हणून पावसाळ्यांत मोठ्या डब्यांतहि एका दिवसापुरतेंच खाद्य घालावें, आठवड्यांतून एकदां तो पूर्ण रिकामा करून पुसावा, आणि वास आलेली पेंड कितीहि महाग असली तरी फेंकून द्यावी. रात्रीं दाण्याचें भांडें उचलून ठेवावें. कोंबड्या अंधारांत खात नाहींत. खातात ते उंदीर, आणि उंदरांमागून साप येतो.

अंड्यावर असलेल्या कोंबड्यांसाठीं एक छोटी वाटी निराळी टांगावी आणि तिच्यांत शिंपल्यांचा चुरा घालावा. अंड्याचें कवच बहुतेक सारें चुन्याच्या क्षाराचें असतें, आणि तो चुना खाण्यांतून न मिळाल्यास कोंबडी आपल्या हाडांतून काढून देते. कोल्हापूर येथें शासनाचें अंडी उबवणी केंद्र आहे. अशा ठिकाणांहून एक दिवसाचीं पिलें आणणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें, कीं पिलांचें पाणी उथळ असावें आणि परळांत धुतलेले खडे पसरावेत. नाहीं तर पिलूं त्यांत पडून भिजतें आणि गारठून मरतें.

पुराच्या दिवसांत तर भांड्याची खरी कसोटी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्यें आणि २०२१ च्या जुलैमध्यें पंचगंगेचें पाणी शहराच्या सखल भागांत शिरलें. अशा वेळीं कोंबड्या माळ्यावर किंवा गच्चीवर न्याव्या लागतात. सभोंवार पाणीच पाणी असतें, आणि त्यांतलें एक थेंबहि त्यांना द्यावयाचें नसतें, कारण विहिरी, गटारें आणि नदी तेव्हां एक झालेलीं असतात. ज्या घरीं झांकलेलें, न सांडणारें भांडें आहे, त्या घरीं उकळून गार केलेलें दोन-तीन लिटर पाणी दहा कोंबड्यांना एक दिवस पुरतें. उघड्या पातेल्यांत ओतलेलें पाणी मात्र अर्धें सांडतें आणि उरलेलें घाण होतें.

आतां शेवटची गोष्ट, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. पाण्याच्या डब्यावर बाहेरून रंगानें पाव पाव लिटरच्या खुणा कराव्यात. डबा पत्र्याचा असल्यास रोज संध्याकाळीं उरलेलें पाणी मापानें मोजावें. दहा कोंबड्या रोज किती पितात तें आठ दिवसांत कळतें. मग एखाद्या संध्याकाळीं, ऊन तेंच, कोंबड्या तितक्याच, आणि पाणी मात्र नेहमीपेक्षां पुष्कळ उरलेलें दिसतें. बहुतेक वेळां आजाराची ती पहिली सूचना असते. मान पडण्यापूर्वीं, पिसें फुगण्यापूर्वीं, अंडीं थांबण्यापूर्वीं कोंबडी पाणी सोडते. त्याच संध्याकाळीं सुस्त कोंबडी वेगळी केली आणि दुसऱ्या सकाळीं पशुवैद्यास दाखविली, तर उरलेल्या नऊ वांचण्याची आशा असते. हीच गोष्ट तीन दिवसांनीं कळली तर खुराडें झाडून ठेवण्याचें कामच उरतें.

आपोआप भरणारें भांडें केलें म्हणजे चार दिवस तिकडे पाहावयास नको, असा अनेकांचा समज असतो. तो समजच परसांतील कोंबड्यांचा मोठा शत्रु आहे. भांडें दाणा वांचवितें, पाणी स्वच्छ ठेवतें आणि गृहिणीचे श्रम कमी करतें. परंतु पाहण्याचें काम तें कोणाच्याहि ऐवजीं करीत नाहीं. तें काम घरांतील एखाद्या मुलाकडे सोंपवावें. रोज सायंकाळीं त्यानें खुणेपर्यंतचें पाणी वाचावें, भिंतीवरील दिनदर्शिकेच्या त्या दिवशींच्या चौकोनांत आंकडा लिहावा, आणि आंकडा उतरला तर आईला हांक मारावी.